न पाडलेल्या वास्तूंची दखल

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत टोमॅटोचा क्रेट कितीला गेला, कांद्याला काय भाव फुटला, याची नोंद रोजच्या रोज होते. ती व्हायलाच हवी. गावाचा संसार तिच्यावर चालतो. मात्र याच परिसरात एखाद्या घराण्याने शंभर-दीडशे वर्षांचा वाडा नीट दुरुस्त करून राहता ठेवला, किंवा एखाद्या गावाने देवळाच्या दगडावरचा ऑइलपेंट खरवडून काढला, तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. जुनी वास्तू बातमीत येते ती पडल्यावर. नाशिकच्या जुन्या गावठाणात दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, जुलै-ऑगस्टमध्ये एखादी भिंत कोसळते आणि मग दोन दिवस वाड्यांची चर्चा होते. जे वाडे पडले नाहीत ते का पडले नाहीत, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो विचारण्याची वेळ पिंपळगावपुरती तरी आली आहे. आग्रा महामार्गावरचे हे मोठे बाजारपेठेचे गाव आता नगरपरिषदेचे गाव झाले आहे. नगरपरिषद आली की विकास आराखडा येतो, रस्त्यांच्या रुंदीच्या रेषा आखल्या जातात, आणि त्या रेषांच्या आत काय राहील, बाहेर काय जाईल हे पुढच्या वीस वर्षांसाठी ठरते. त्यामुळे जुन्या वास्तू जपणाऱ्यांची दखल कशी घ्यावी हा विषय समारंभाचा वाटला, तरी त्याचे धागे कायद्यात, बांधकामशास्त्रात आणि घरच्या अर्थकारणात गुंतलेले आहेत. ते क्रमाने पाहू.

आधी वास्तू. या भागातला जुना वाडा म्हणजे सागवानी सांगाडा. दगडी उथळ्यावर खांब उभा, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि त्यांवर कडीपाट. चार खांबांमधली जागा म्हणजे खण. घर किती मोठे हे खणांवर मोजायचे. भिंती जाड, पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या, खाली काळ्या दगडाचे जोते. यातली कळीची गोष्ट अशी, की छताचा आणि मजल्याचा भार मुख्यतः लाकूड घेते; भिंत ऊन, पाऊस आणि चोर अडवते. म्हणून अनेक वाड्यांत बाहेरची भिंत ढासळलेली दिसते आणि आतले खांब जागच्या जागी ताठ असतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात जे दिसले त्यातही हाच धडा होता. जड माळवदे आणि मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती यांनी हजारो माणसांचे जीव घेतले. पण जिथे छत भिंतीवर न टेकता लाकडी खणांवर होते, तिथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे तज्ज्ञांनी नोंदवली. लोकांच्या मनात मात्र एकच समीकरण पक्के झाले: जुने म्हणजे धोक्याचे, स्लॅब म्हणजे भक्कम. त्या भीतीला दोष देता येत नाही. तिच्यामुळे दुरुस्त होण्याजोगी घरेही पाडली गेली, हेही तितकेच खरे.

भीतीइतकेच मोठे कारण हिशेबाचे आहे. वाडा एका नावावर क्वचितच असतो. तीन पिढ्यांत वारस वीस-पंचवीस होतात. कोणी नाशिकला, कोणी पुण्याला, कोणी परदेशात. कौले चाळायला, गळका कोपरा शाकारायला पैसे कोणी घालायचे यावर एकमत होत नाही. पाणी एकदा आत शिरले की वाळवी मागोमाग येते. दुसरीकडे, जुन्या सागाला भाव आहे. कोरीव खांब, दिंडी दरवाजा, गणेशपट्टी यांना हॉटेले, रिसॉर्ट आणि फार्महाऊसवाल्यांकडून मागणी असते. जुने लाकूड घेणारा व्यापारी रोख पैसे देतो, शिवाय पाडण्याचा खर्चही स्वतः करतो. म्हणजे मालकाच्या हिशेबात उभ्या वाड्यापेक्षा मोडलेला वाडा महाग. ही गोष्ट लक्षात न घेता वारसाप्रेमाची भाषणे केली, तर मालक ती शांतपणे ऐकून घेतो आणि सोमवारी व्यापाऱ्याला फोन करतो.

आता दुरुस्तीकडे वळू, कारण नुकसान नुसत्या पाडापाडीने होत नाही. चांगल्या हेतूने केलेली चुकीची दुरुस्तीही वास्तू संपवते, आणि तिचे मुख्य साधन म्हणजे सिमेंट. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ मध्ये घेतले गेले. भारतात त्याचे उत्पादन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि खेड्यापाड्यांत ते पोचायला आणखी काही दशके गेली. त्याआधीचे आपले सगळे पक्के बांधकाम चुन्यात आहे.

चुन्याचे काम असे चालते. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो रटरटून फुटतो, विरतो. हा विरलेला चुना वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचा. गूळ, बेलफळाचा गर, उडीद असे पदार्थ कामाप्रमाणे मिसळायचे. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतो आणि पुन्हा चुनखडीचा दगड होतो. ही क्रिया महिनोन् महिने चालते. काळ्या मातीत सापडणाऱ्या खड्यांच्या चुनखडीत मातीचाही अंश असतो, त्यामुळे तिचा चुना ओलाव्यातही काही प्रमाणात धरतो. निफाडसारख्या तालुक्यात हा कच्चा माल पायाखालीच होता.

असा चुना सच्छिद्र असतो. जमिनीतले पाणी भिंतीत चढते, पावसाचे पाणी झिरपते, आणि ते सारे चुन्याच्या सांध्यांतून आणि गिलाव्यातून वाफ होऊन बाहेर पडते. पाण्याबरोबरचे क्षारही सांध्यातच साचतात. सांधा झिजतो, दगड-विटा वाचतात. काही वर्षांनी सांधे पुन्हा भरले की काम झाले. सिमेंटचा सांधा मात्र घट्ट आणि कठीण. त्याने ही वाट बंद होते. पाणी मग विटेतून किंवा मऊ दगडातून बाहेर पडू पाहते, क्षार तिथे स्फटिक होऊन फुगतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. भिंतीच्या खालच्या तीन फुटांना सिमेंटचा पट्टा लावल्यावर दोन पावसाळ्यांत ओल त्या पट्ट्याच्या वर चढलेली दिसते, ती यामुळेच. ओल थांबलेली नसते, फक्त तिला बाहेर पडायला वरची जागा शोधावी लागलेली असते.

काळ्या जमिनीत आणखी एक अडचण आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया दरवर्षी किंचित हलतो. चुन्यातली भिंत ही हालचाल सोसते. बारीक चिरा पडतात, पण पावसाच्या पाण्यात विरघळलेला चुना त्याच चिरांमध्ये पुन्हा जमतो आणि त्या बऱ्याच अंशी बुजतात. सिमेंटला हे साधत नाही. त्याची चीर पडते ती रुंद आणि कायमची.

चांगली दुरुस्ती कशी दिसते, ते एका खांबावर पाहता येईल. सागाचा खांब सहसा वरून कुजत नाही; तो बुडाशी कुजतो, जिथे फरशी धुतल्याचे पाणी उथळ्यावर साचते. बहुतेक ठेकेदार अशा वेळी संपूर्ण खांब काढून लोखंडी गर्डर किंवा काँक्रीटचा कॉलम सुचवतात. जाणकार सुतार आधी टोच्याने टोचून कूज कुठवर गेली ते बघतो. मग तुळईखाली टेकू देऊन भार उचलतो, कुजलेला फूट-दीड फुटाचा भाग तिरका कापतो आणि त्याच जातीच्या जुन्या वाळलेल्या सागाचा तुकडा सांध्यात बसवून लाकडी खुंट्यांनी जखडतो. लाकडाची शीर वरच्या खांबाशी जुळवून घेतो. उथळ्याभोवतीचा सिमेंटचा थर फोडून पाण्याला उतार करून देतो. काम संपल्यावर नवा तुकडा रंगाने लपवायचा नसतो. नीट पाहणाऱ्याला तो ओळखू यावा आणि घाईने जाणाऱ्याला खटकू नये, एवढे पुरे. या कामाला किती कौशल्य लागते हे सुतारालाच ठाऊक. म्हणूनच अशा कामाचा गौरव करायचा झाला तर तो कोणाचा करायचा, हा प्रश्न पुढे येतो.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंना संरक्षण देतो. सिन्नरचे यादवकालीन गोंदेश्वर मंदिर त्यात येते. राज्याचा १९६० चा कायदा राज्य संरक्षित स्मारकांसाठी आहे. महाराष्ट्रातली केंद्र आणि राज्य संरक्षित स्मारके मिळून सातशेच्या आसपास भरतात. राज्यातल्या गावांची संख्या मात्र चाळीस हजारांच्या वर आहे. लेणी, किल्ले, मोठी मंदिरे या यादीत येणार हे उघड आहे. पेठेतला वाडा, वेशीची कमान, पाटलाची गढी, गावची बारव यांतल्या बहुतेकांना तिथे जागा नाही, आणि साऱ्यांना संरक्षित स्मारक घोषित करणे शहाणपणाचेही नाही. राहत्या घराचे स्मारक केले तर घरातल्या माणसांनी जायचे कुठे?

त्या खालच्या पायरीसाठी नगररचनेचा मार्ग आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली आली, इमारतींना श्रेणी दिल्या गेल्या आणि श्रेणीनुसार बदलांवर बंधने आली. मालकाचे नुकसान भरून काढण्यासाठी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, हा उपाय निघाला. जुनी इमारत न पाडल्यामुळे जे वाढीव बांधकाम करता आले नाही, त्याचा हक्क मालकाने दुसऱ्या भूखंडासाठी विकायचा. जागेला सोन्याचा भाव असलेल्या मुंबईत हे चालते. मध्यम बाजारगावात हा हक्क विकत घेणारा बिल्डर मिळणे कठीण, कारण तिथे मुळात वाढीव चटई क्षेत्राची तेवढी ओढ नसते. म्हणजे लहान गावातल्या वाडामालकाला कायद्याचे बंधन पोचू शकते, भरपाई पोचत नाही. उरतो तो प्रोत्साहनाचा मार्ग, आणि पुरस्काराचा विचार इथे सुरू होतो.

संवर्धनाच्या पुरस्कारांत आशियात सर्वाधिक वजन युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक सांस्कृतिक वारसा संवर्धन पुरस्कारांना आहे. ते २००० पासून दिले जातात. जागतिक वारसा यादीशी त्यांची गल्लत नेहमी होते. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत आपल्या बागलाणचा साल्हेर आहे. तो मान त्या स्थळाच्या ऐतिहासिक मोलाचा. हे पुरस्कार मात्र वास्तू किती थोर आहे यापेक्षा तिची दुरुस्ती किती नेटकी झाली हे पाहतात. वास्तू पन्नास वर्षांहून जुनी हवी, काम खासगी किंवा खासगी-सरकारी भागीदारीतले हवे, आणि पूर्ण झाल्यावर निदान वर्षभर वास्तू वापरात असायला हवी. शेवटची अट फार शहाणी आहे. तिच्यामुळे उद्घाटनाच्या फोटोला बक्षीस मिळत नाही.

महाराष्ट्राची या पुरस्कारांतली कामगिरी अभिमानाची आहे. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाला २००५ मध्ये सर्वोच्च श्रेणीचा पुरस्कार मिळाला. महापालिका, एक खासगी प्रतिष्ठान आणि इन्टॅक ही १९८४ मध्ये स्थापन झालेली वारसा संस्था, अशा तिघांच्या भागीदारीतून ते काम झाले होते. पुढे २०१९ मध्ये फ्लोरा फाउंटन आणि केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, २०२२ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि भायखळा रेल्वे स्थानक यांच्या कामांचा गौरव झाला. भायखळ्याचे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे, कारण तिथून रोज लोकल सुटतात आणि प्रवाशांची गर्दी न थांबवता ते काम झाले. पुण्यातल्या पार्वतीनंदन गणपती मंदिराच्या कामाचीही २०१६ मध्ये दखल घेतली गेली.

ही नावे पुन्हा वाचली की एक गोष्ट डोळ्यांत भरते: एका पुण्याच्या देवळाचा अपवाद सोडला तर सारी दक्षिण व मध्य मुंबई. यात परीक्षकांचा दोष नाही. अर्ज करायला आधीची-नंतरची छायाचित्रे, मोजणीचे नकाशे, साहित्याची माहिती, इंग्रजी टिपण लागते. संवर्धनात शिकलेले वास्तुविशारद आणि खर्च उचलणारे प्रतिष्ठान असल्याशिवाय हे जमत नाही. नाशिक जिल्ह्यात काम होत नाही असे मुळीच नाही. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ मध्ये बांधलेल्या नाशिकच्या सुंदरनारायण मंदिराचे झिजलेले शिखर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने उतरवून नव्याने घडवलेल्या दगडांत, चुन्यात पुन्हा उभे करायला घेतले, आणि ते काम कित्येक वर्षे चालले. पिंपळगावहून महामार्गाने तासाभराच्या आत असलेल्या चांदवडच्या होळकर वाड्यात, म्हणजे रंगमहालात, कोरीव लाकूडकाम आणि भित्तिचित्रांच्या जतनाचे काम झाले. रामशेज आणि इतर किल्ल्यांवर नाशिकची शिवकार्य गडकोट संवर्धन संस्था वर्षानुवर्षे श्रमदान करते आहे. राज्यभरच्या विहिरींची नकाशावर नोंद करणारी महाराष्ट्र बारव मोहीम लोकांच्या बळावर उभी राहिली. यांपैकी सरकारी कामांना निदान फाइल असते. घरमालकाने स्वतःच्या खिशातून केलेल्या कामाला तीही नसते.

पुरस्काराने खरेच काही बदलते का, ही शंका रास्त आहे. लंडनमध्ये थोरांच्या घरांवर फलक लावण्याची योजना १८६६ मध्ये सुरू झाली. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला, आणि ते घर १८८९ मध्ये पाडले गेले. नुसता फलक भिंतीला आधार देत नाही.

पण आपल्याच राज्यात याच्या उलट अनुभवही आहे. २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. त्यात कायद्याचा धाक नव्हता. गुणांची यादी होती, तपासायला येणारी समिती होती, पंचायत समितीपासून राज्यापर्यंतच्या पायऱ्या होत्या, आणि शेजारच्या गावाला बक्षीस मिळाले तर आपल्याला का नाही ही ईर्षा होती. सरकारी अनुदानाने जे साधले नव्हते ते त्या ईर्षेने बऱ्याच गावांत साधले. पुढे तंटामुक्तीसाठी, पाण्यासाठी, पर्यावरणासाठी हीच रीत वापरली गेली. तिचा दोषही सर्वांना माहीत आहे: समिती येणार म्हणून रातोरात रंगलेल्या भिंती, आणि समितीची गाडी वेशीबाहेर गेली की उकिरडा पुन्हा जागेवर. म्हणजे पुरस्कार काम करतो, पण तो ज्या गोष्टीला गुण देतो तेवढेच काम करतो. गुण कशाला द्यायचे हे ठरवणे हाच खरा मुद्दा.

वास्तूंच्या बाबतीत आजवर आपण गुण चुकीच्या गोष्टीला दिले आहेत. गावात जीर्णोद्धाराच्या नावाखाली चुन्यातले जुने देऊळ पाडून काँक्रीटचे, टाइल्स लावलेले, भडक रंगाचे नवे देऊळ उभे राहते, तेव्हा देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरली जातात, मंत्री येतात, मिरवणूक निघते. ज्या गावाने जुने देऊळ तसेच ठेवून फक्त शिखरावरची पिंपळाची रोपे काढली, सांधे चुन्याने भरले आणि गळती थांबवली, त्या गावात पाटी लागत नाही, कारण पाटी लावण्याजोगे काही 'नवे' झालेलेच नसते. गोदावरीच्या पात्रातल्या जुन्या कुंडांचे तळ सिंहस्थाच्या सोयीसाठी काँक्रीटने भरले गेले आणि पुढे ते काढण्यासाठी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. आता २०२६-२७ चा सिंहस्थ आला आहे, निधीही येतो आहे. कामाचे मोल ओतलेल्या घनमीटरांवर ठरू लागले की हेच पुन्हा होणार.

म्हणून आमचे मत असे आहे, की पिंपळगाव बसवंतसारख्या गावात स्थानिक वास्तुजतनाचा वार्षिक गौरव सुरू व्हावा, आणि त्याचे निकष गौरवाइतकेच गंभीरपणे ठरवले जावेत. राहत्या, वापरात असलेल्या वास्तूला पहिला मान हवा. रिकाम्या चकचकीत वाड्यापेक्षा ज्याच्या ओसरीवर अजून धान्य निवडले जाते तो वाडा मोठा. काम लहान असले तरी चालेल. वेळेवर शाकारलेले छप्पर आणि मोकळी ठेवलेली पन्हळ यांनी जितकी घरे वाचतात तितकी कोट्यवधींच्या प्रकल्पांनी वाचत नाहीत. काम संपल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा, मगच पाहणी व्हावी. आणि गौरव एकदा देऊन विसरायचा नसावा. पाच वर्षांनी वास्तू पुन्हा पाहिली जावी आणि तिचे हाल झाले असतील तर तेही जाहीर सांगितले जावे.

दुसरी गोष्ट कारागिराची. आपल्याकडे वास्तूवर बांधणाऱ्या धन्याचे नाव असते, गवंड्याचे, सुताराचे, पाथरवटाचे नसते. जपानने १९७५ मध्ये कायदा बदलून जतनाच्या कौशल्यांनाच सांस्कृतिक संपत्ती मानले आणि ती जाणणाऱ्या माणसांना व संस्थांना सरकारी मान्यता दिली. लाकडी वास्तूंच्या जतनाची तिथली पारंपरिक कौशल्ये २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेली. आपल्याकडे घाणीचा चुना मळता येणारे, सागाचा सांधा बसवणारे हात दर वर्षी कमी होत आहेत, कारण त्या हातांना काम मिळत नाही; आणि काम मिळत नाही कारण ते हात कोणाचे हे दुरुस्ती करू पाहणाऱ्या मालकाला माहीत नसते. गौरवपत्रावर मालकाच्या नावाशेजारी कारागिराचे नाव त्याच आकाराच्या अक्षरांत छापले, तर तीच पुढच्या मालकासाठी पत्त्यांची वही होईल. शाल-श्रीफळापेक्षा सुताराला याचा उपयोग जास्त.

तिसरी गोष्ट नोंदीची. गौरवासाठी अर्ज मागवले की मोजणीचे नकाशे लागतील, आणि ते काढायला माणसे लांबून आणायची गरज नाही. नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाजाचे वास्तुकला महाविद्यालय आहे. जुन्या वास्तूंची मापे घेऊन नकाशे काढणे हा अशा अभ्यासक्रमाचा नेहमीचा भाग असतो. विद्यार्थ्यांनी पिंपळगाव, निफाड, विंचूर, लासलगावचे जुने वाडे मोजले, तर त्यांचा अभ्यास होईल आणि गावाला दप्तर मिळेल. ज्या वाड्याला बक्षीस मिळणार नाही त्याचाही नकाशा राहील. उद्या तो पडलाच, तर निदान तो कसा होता हे कागदावर असेल.

मालकाच्या खिशाचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे मान्य केले पाहिजे. वीस वारसांचा वाडा एका प्रमाणपत्राने वाचणार नाही, आणि कोणत्याही कुटुंबाला गावाच्या हौसेसाठी गळक्या घरात राहायला सांगण्याचा हक्क कोणाला नाही. घरपट्टीत काही सूट देता येईल का, हे नगरपरिषदेने कायदेशीर सल्ला घेऊन तपासावे. बाजार समितीने, सोसायट्यांनी, द्राक्ष निर्यातदारांनी वर्षाला एक छप्पर शाकारण्याचा खर्च उचलायचा म्हटला तर तो त्यांना जड नाही. काही वाडे तरीही जातील. जे राहू शकतात ते अज्ञानाने जाऊ नयेत, एवढीच अपेक्षा.

या सगळ्यात तातडीचे एकच काम आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने मोलाच्या वास्तूंच्या जतनाची तरतूद करण्याची मुभा देतो. पण आराखडा करणाऱ्याला त्या वास्तू कोणत्या हे कोणीतरी सांगावे लागते. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती नोंदवायला मुदत मिळते, पण ती थोडी असते, आणि तोवर रेषा आखून झालेल्या असतात. पिंपळगावच्या नागरिकांनी, शाळांनी आणि नगरसेवकांनी पेठेतले वाडे, मंदिरे, विहिरी, जुन्या कमानी यांची यादी छायाचित्रांसह त्याआधीच तयार करून नगरपरिषदेत ठरावाद्वारे मांडावी. १८ एप्रिलला जगभर वारसा दिन पाळला जातो. पहिल्या वर्षी त्या दिवशी पुरस्कार दिला नाही तरी चालेल, पण ती यादी नगरपरिषदेच्या दारावर लावलेली असावी.